नलूमावशींचे ग्रीक आणि रोमन

आमच्या चँडलरच्या गल्लीत टपाल टाकतो तो सुखदेव. पामची झाडं छाटायला येतो तो श्रीकृष्ण. दाढ दुखली की आम्ही वनमालाकडे जातो, एसी बिघडला की छोटूला फोन करतो, आणि समोरच्या घरात राहतात ते पाटील.

चँडलर सातासमुद्रापलीकडे आहे आणि यातल्या एकाचाही महाराष्ट्राशी संबंध नाही. सुखदेव म्हणजे फेलिक्स. श्रीकृष्ण म्हणजे ऑक्टाव्हियो. वनमाला ही डॉक्टर सिल्व्हिया. छोटू हा दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा आडदांड पॉल. आणि पाटील म्हणजे आमचे शेजारी जॉर्ज, ज्यांनी उभ्या जन्मात कुंडीत कोथिंबीरसुद्धा पेरलेली नाही.

ही सगळी बारशी केली नलूमावशींनी.

मावशी आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, मुलगा अमोल आणि सून केतकी यांच्याकडे. अमोल चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मावशी मूळच्या नागपूरच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, साडीखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज आणि आवाज असा, की मधे तार नसली तरी वर्ध्यापर्यंत ऐकू जावा. "जन्मभर लोकांनी मला नंबर सांगितले बाप्पा," त्या म्हणतात. "नाव एकानंही सांगितलं नाही. आता रिटायर झाल्यावर मी नावं ऐकून राहिली."

वेड लागलं ते असं. केतकीला दिवस गेले होते तेव्हा मावशींनी जुन्या वस्तूंच्या एका गराज सेलमधून बाळांच्या नावांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. हेतू हा, की नातवाचं नाव आपण सुचवू. पुस्तक छातीशी धरून घरी पोचल्या तर नाव आधीच ठरलेलं : कियान. अर्थ विचारला तेव्हा केतकी जरा घुटमळली. म्हणाली, "आई, इट्स सॉर्ट ऑफ एन्शंट." पुस्तक मात्र मावशींनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं आणि त्यातल्या ग्रीक आणि रोमन नावांवर त्यांचा जो जीव जडला तो जडलाच.

"तू पाहा ना," त्या मला समजावतात, "त्यांची राज्यं गेली. देव गेले. देवळांचे नुसते खांब उभे राहिले, तेही अर्धे. पण नाव? नाव अजून निळी हाफपँट घालून टपाल टाकून राहिलं!"

फेलिक्स म्हणजे सुखी, म्हणून तो सुखदेव. सिल्व्हिया म्हणजे रानातली, म्हणून वनमाला. पॉल म्हणजे लहानगा, म्हणून छोटू. जॉर्ज म्हणजे शेतकरी, आणि शेतकऱ्याला नुसतं शेतकरी काय म्हणायचं, म्हणून पाटील. एकदा दुपारी मावशींचा फोन आला, "अगं, पाटलांच्या घरी छोटू आला आहे, त्याला म्हणावं आमच्याकडेही डोकावून जा." माझी सासू तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिनं हे ऐकलं आणि मला विचारलं, "इथं आपली बरीच वस्ती आहे वाटतं?"

नवा माणूस भेटला की मावशी नमस्कार-चमत्कार करत नाहीत. एक्स्चेंजमधल्या त्या खणखणीत आवाजात त्या म्हणतात, "फुल नेम प्लीज." समोरचा घाबरून पाकीट काढतो. त्यांना पोलिसी चौकशी करायची नसते. त्यांना फक्त टोनीच्या आतला अँटोनियस बाहेर काढायचा असतो.

ऑक्टाव्हियोचं प्रकरण मी स्वतः पाहिलं आहे. तो दोर बांधून पामच्या शेंड्यावर चढला होता आणि खाली छत्री उघडून मावशी उभ्या होत्या.

"फुल नेम प्लीज?"

वरून आवाज आला, "ऑक्टाव्हियो, मॅम."

"ऑक्टाव्हियो मीन्स नंबर एट! यू आर एट्थ बेबी?"

"नो, मॅम. ओन्ली चाइल्ड."

मावशींचा चेहरा पडला. तुम्हीआम्ही समजलो असतो, की आईबापांना नाव आवडलं आणि त्यांनी ठेवलं. पण मावशींच्या हिशोबी आठव्याच्या आधी सात असतातच. ते सात दिसत नसतील तर त्यांचं काय झालं असेल, हे मथुरेच्या तुरुंगाची गोष्ट ऐकत वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. त्या डोळे टिपत घरात गेल्या आणि गरम पोळी, वर लोण्याचा गोळा आणि साखर असं ताट घेऊन बाहेर आल्या. ऑक्टाव्हियोनं ती पोळी झाडाखाली बसून खाल्ली आणि बोटंही चाटली. आजतागायत तो आमच्या गल्लीत छाटणीला आला की सुरुवात मावशींच्या, म्हणजे मोहरीलांच्या, घरापासून करतो. केतकीला वाटतं, अमोल टिप चांगली देतो म्हणून.

बँकेतली क्लॉडिया मात्र थोडक्यात वाचली. क्लॉडिया म्हणजे लंगडी. ती बिचारी काउंटरमागून उठून प्रिंटरपर्यंत गेली आणि परत आली, तेवढ्या वेळात मावशी ओणव्या होऊन तिच्या पायांकडे बघत होत्या. "छान चालते की गं," त्या मला म्हणाल्या, आणि एवढ्या समाधानानं म्हणाल्या, की क्लॉडियाला वाटलं कर्ज मंजूर झाल्याचा आनंद आहे.

पण मावशींची खरी कीर्ती वेगळीच. त्याचं असं झालं, की आमच्या मुली मोठ्या झाल्या. इथं जन्मलेल्या, इथंच शिकलेल्या, आईशी इंग्रजीत भांडणाऱ्या. लग्नं ठरायला लागली आणि जावई कोण, तर मार्कस, जेसन, अलेक्झांडर. मुलींना बाकी काही नको असलं तरी उखाणा मात्र हवा होता. यूट्यूबवर पाहिलेला असतो ना! आता जुन्या उखाण्यांत ही मंडळी काही केल्या बसेनात. तिथं विजय, संजय, अजय अशी सुटसुटीत माणसं लागतात. अलेक्झांडररावांना चांदीच्या वाटीत कोंबायला गेलं की वाटीच फुटते.

तिथं मावशी पुढे आल्या. त्यांची पद्धत पक्की. आधी मुलाचं पूर्ण नाव, मग नावाचा अर्थ, मग मुलाच्या दोन वाईट सवयी. मग इकडे कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि तिकडे उखाणा तयार. जेसनचा ऐका. जुन्या कथेतला जेसन म्हणे सोन्याची लोकर आणायला जहाज घेऊन गेला होता. आमचा जेसन कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी हरवतो. मावशींनी त्याच्या बायकोला दिला तो असा :

सोन्याच्या लोकरीसाठी समुद्र केला पार,
जेसनराव दुधाला गेले, की परत यायला वाजतात चार.

मार्कसच्या वेळी मात्र गदारोळ उडाला. माझी मैत्रीण सुषमा, तिची मुलगी रेवा. उखाण्याची बैठक सुषमाच्या घरी बसली होती आणि रेवाची आजी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर हजर होती.

"मार्कस म्हणजे मंगळाचा," मावशींनी जाहीर केलं. "रोमन लोकांचा मंगळ. लढाईचा देव."

आजीला एवढंच कळलं, की मुलाला मंगळ आहे.

"आणि हे आत्ता सांगता?" आजी कडाडली. "पत्रिका कुणी पाहिली होती?"

"आजी, ही इज प्रेस्बिटेरियन," रेवानं त्याचा ख्रिस्ती पंथ सांगितला.

"ते कुठलं नक्षत्र?"

सुषमा डोकं धरून बसली. मार्कस शेजारच्या सोफ्यावर चिवडा खात होता. आपल्यामुळे काहीतरी झालंय एवढं त्याला समजलं आणि त्यानं वाटी खाली ठेवली. शेवटी मावशींनी स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं. "हे बघा वहिनी," त्या म्हणाल्या, "मंगळ आहे, पण नावात आहे. पत्रिकेतला मंगळ बायकोला त्रास देतो, नावातला मंगळ शेजाऱ्यांना." आजीला ते पटलं. कसं पटलं ते विचारू नका, पण पटलं. लग्नात रेवानं मोठ्या झोकात नाव घेतलं :

वारांमध्ये मंगळवार, ग्रहांमध्ये मंगळ,
मार्कसरावांच्या घरात माझ्या मराठीची वर्दळ.

मार्कसला त्यातलं 'राव' इतकं आवडलं, की त्यानं गाडीला 'मार्कसराव' अशी नंबरप्लेट करून घेतली. ऑफिसात सांगतो म्हणे, की हा किताब आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. एकेक बाई नाव घेते, हशा होतो, कुणी मधेच अडतं. अडलेल्या बाईला पुढचा शब्द कोण सांगतं, तर सोफ्याच्या टोकाला बसलेल्या मावशी. सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ, कारण सगळ्यांचं त्यांनीच रचलेलं. पण "नाव घ्या, नाव घ्या" हा गलका सोफ्याच्या त्या टोकापाशी पोचला की आपोआप वळतो आणि पलीकडच्या बाईपासून पुन्हा सुरू होतो. कुणी मुद्दाम करत नाही. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, आणि ज्या बाईचे यजमान गेले तिला उखाणा कुणी घ्यायला सांगत नाही. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ते ठाऊक असतं.

एका वर्षी मी चेष्टेचा आव आणून म्हटलं, "मावशी, आता तुमचाही होऊन जाऊ दे."

"मी पेपर काढणारी," त्या म्हणाल्या. "पेपर काढणारा परीक्षेला बसत असतो का बाप्पा?" सगळ्या हसल्या आणि तिळगूळ पुढे सरकला.

मग माझ्या घरी थिओ आला.

माझी मुलगी सई त्याला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा मावशी आमच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. उंच, कुरळ्या केसांचा मुलगा हात पुढे करून म्हणाला, "हाय, आय ॲम टेडी."

"टेडी?" मावशींनी मला विचारलं. "अस्वल आहे का?" आणि त्याच्याकडे वळून, "फुल नेम प्लीज."

"थिओडोर."

"पूर्ण!"

"थिओडोरोस," तो म्हणाला, आणि त्यापुढे एक मालगाडीएवढं आडनाव. ग्रीक! मावशींच्या हातातली कोथिंबीर गळून पडली. आजवर त्यांनी जे पाहिले ते वापरलेले ग्रीक होते, हा कोरा करकरीत होता. थिओडोर म्हणजे देवानं दिलेला. मावशींनी उभ्या उभ्या त्याचा देवदत्त करून टाकला आणि सईला सांगितलं, "याला सोडायचं नाही."

साखरपुड्याचं जेवण थिओच्या आईवडिलांकडे झालं. मावशींना मी आग्रहानं नेलं. तिथं थिओची आजी भेटली, एलेनी. काळा पोशाख, पांढरे केस, इंग्रजी येतच नाही म्हटलं तरी चालेल. एलेनी म्हणजे मशालीचा उजेड, म्हणून मावशींनी तिची ज्योतीबाई केली, आणि ज्योतीबाईंनी मावशींच्या ताटात एकामागून एक इतके पदार्थ वाढले, की दोघींना भाषेची गरज पडली नाही.

जेवताना थिओनं त्यांच्याकडची रीत सांगितली. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. आजोबांचं नाव थिओडोरोस, म्हणून तो थिओडोरोस. काकाचा पहिला मुलगा, तोही थिओडोरोस. आत्याचा पण. "नाताळला आजी 'थिओ' अशी हाक मारते ना," तो म्हणाला, "तेव्हा घरातले निम्मे पुरुष उठून उभे राहतात." सगळे खदखदून हसले. मावशीही हसल्या. पण नंतर बकलावा आला तो त्यांनी ताटात तसाच ठेवला, आणि मावशींनी गोड तसंच ठेवलं आहे हे दृश्य मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

परत येताना गाडीत आम्ही दोघीच होतो. फ्रीवेला लागल्यावर त्या म्हणाल्या, "पाहिलं ना गं, म्हातारा गेला, पण घरात हाक चालूच आहे. रोज कोणी ना कोणी त्याचं नाव घेऊन राहिलं."

"हो ना."

"आमच्या ह्यांचं कोण घेतं? अमोल बाबा म्हणायचा. कियान फोटोला ग्रँडपा म्हणतो. ते पुस्तक आणायच्याही आधी मी कियानसाठी सुचवलं होतं यांचं नाव, तर केतकी म्हणाली, शाळेत पोरं चिडवतील. चिडवतील, ते खरं आहे. तिचं चुकलं नाही." मग त्या म्हणाल्या, "इथं आल्यापासून मी नलिनी डी. मोहरील. अमोल डी. मोहरील. दवाखान्यात डी, बँकेत डी. डी म्हणजे काय बाप्पा? व्हिटॅमिन?"

मी हसले, आणि हसता हसता मला कळलं, की इतक्या वर्षांत या बाईच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही.

"काय नाव होतं मावशी, काकांचं?"

"असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं, असं होतं का?" त्या चक्क लाजल्या. "आमच्यात नाव उखाण्यातच घेतात. एकदा घ्यायचं आहे मला, चारचौघांत, मोठ्यानं. पण उखाण्याला आग्रह लागतो. आपलं आपण उठून घेतलं तर त्याला उखाणा म्हणत नाहीत, त्याला घोषणा म्हणतात. आणि माझ्यासारखीला आग्रह कोण करतं?"

"मी करते की! सईच्या लग्नात करते."

"आता मी सांगितल्यावर तू करशील, तो आग्रह नाही. ती दया झाली." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. मी गाडी चालवत होते तरी धरलं. "तू कुणाला बोलायचं नाही. सईला नाही, थिओला नाही. शपथ घे." मी शपथ घेतली. गप्प बसण्याची शपथ मला किती जड जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी माझी कीव करावी.

लग्न फेब्रुवारीत झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात, संत्र्याच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून आम्ही पंगत केली. घरची माणसं, थिओच्या घरची माणसं, सुषमा, रेवा, मार्कसराव, जेसनराव आणि मधोमध मावशी. त्यांच्या समोर ज्योतीबाई. श्रीखंड वाढून झालं, आणि सईनं सुरुवात केली :

ग्रीसच्या देवानं दिलं, चँडलरमध्ये सापडलं,
थिओडोररावांचं नाव माझ्या मराठीला आवडलं.

टाळ्या. मग थिओवर सगळे तुटून पडले, "नाव घे! नाव घे!" मावशींनी त्याच्याकडून महिनाभर घोकून घेतलं होतं, त्यांच्याकडच्या फेटा चीजसकट आणि पीता नावाच्या रोटीसकट. तो खुर्ची सरकवून उभा राहिला, पाहुण्यांना अभिवादन केलं आणि एकेक शब्द दगडावर पाय ठेवावा तसा ठेवत म्हणाला :

फेटाला दिली फोडणी, पोळीला म्हटलं पीता,
सईचं नाव घेतो, मावशी, तुमच्याकरिता.

अंगण डोक्यावर घेतलं लोकांनी. त्याची आई रडायला लागली, तिला काहीच समजलं नव्हतं तरी. मग फेरीच सुरू झाली. रेवा झाली, मार्कसराव झाले, जेसनची बायको झाली. माझ्या नवऱ्यानं आमच्या लग्नात घेतला होता तोच उखाणा घेतला आणि तोही मधेच विसरला. मावशींनी पुढचा शब्द सांगितला. सुषमा झाली, आणि गलका मावशींपाशी आला, वळला, आणि पलीकडे बसलेल्या अमोल-केतकीवर गेला.

"वेट, वेट," थिओ म्हणाला. "मावशींचं राहिलं."

मावशींनी झटकन माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मी सोंग आणण्यात वाकबगार आहे हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. पण देवाशपथ सांगते, मी त्याला अवाक्षर बोलले नव्हते.

"शी डझन्ट डू इट, थिओ," सुषमा हळूच म्हणाली.

"व्हाय?"

काही भोचकपणा नव्हता त्यात. सगळ्यांची पाळी आली, एकीची राहिली, म्हणून त्यानं विचारलं. त्या टेबलावर आम्ही इतक्या बायका होतो, एकीपेक्षा एक बोलघेवड्या. पण त्या 'व्हाय'चं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं, ते आमच्यातल्या एकीलाही सुचेना. मी मनातल्या मनात ते मराठीत म्हणून पाहिलं. मराठीतही ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

थिओला वाटलं, आपला आग्रह कमी पडतोय. दिवसभर त्याच्या कानीकपाळी ओरडून आम्ही त्याला जे मराठी शिकवलं होतं तेच त्यानं वापरलं. टेबलावर ताल धरून तो म्हणाला, "नाव घे! नाव घे! मावशी, नाव घे!"

मावशींना 'घे' म्हणणारा अमोलशिवाय पृथ्वीवर दुसरा कुणी नसेल. आधी रेवानं ताल धरला. मग मार्कसनं, मग जेसननं. मग अमोलनं ताटातला हात बाहेर काढला आणि डाव्या हातानं टेबल वाजवत म्हणाला, "आई, नाव घे." केतकी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचाही आवाज लागला.

मावशी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. उखाणे कुकरच्या शिट्टीसरशी पाडणारी ती बाई, तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. मला वाटतं त्या यमक शोधत होत्या. मग त्यांनी तो नाद सोडून दिला.

"दिगंबर," त्या म्हणाल्या.

नुसतं. मागे राव नाही, पुढे ओळ नाही.

"दिगंबर," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, लाइन नीट लागली की नाही ते पाहत असल्यासारख्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अमोलनं चष्मा काढला.

"व्हॉट डज इट मीन?" थिओनं विचारलं. मावशींच्याच तालमीत तयार झालेला तो, नावाला अर्थ असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ही वेअर्स स्काय," मावशी म्हणाल्या, आणि खाली बसल्या, आणि मग सुरू झाल्या. दिगंबर मोहरील वीज मंडळात होते. त्यांना पोहता येत नव्हतं, पण अंबाझरीच्या तलावावर जाऊन दुसऱ्यांना पोहायच्या सूचना देत. संत्रं सोलून आधी बायकोला देत, आणि मग वाटीतल्या बियांवरून तिनं किती खाल्लं ते ओळखत. पुऱ्या गार झाल्या. अर्ध्या टेबलाला मराठी कळत नव्हतं. उठलं मात्र कुणी नाही.

सई थिओला इंग्रजीत सांगत होती आणि थिओ त्याच्या आजीला कानात ग्रीकमध्ये. म्हातारी सगळं ऐकत होती. मावशी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा तिनं टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला.

"दिगांबरोस?" तिनं विचारलं, नीट आलं का याची खात्री करून घेत. मग दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवून तिनंही आपल्या माणसाचं नाव घेतलं, "थिओडोरोस."

लोकांच्या उच्चारांवरून एरवी आकाशपाताळ एक करणाऱ्या मावशींनी तिला दुरुस्त केलं नाही. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. दिगांबरोस. दिगांबरोस. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि चेहरा नातवाचं बारसं करून आल्यासारखा फुलला होता.

"ऐकलं ना गं?" त्या म्हणाल्या. "नाव ग्रीक झालं. आता हे टिकतं बाप्पा."